सव्वा सेकंद

मिंझा माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसली
एक तास. काही बोलली नाही.
वही, पेन्सिल, मनगटावरचं घड्याळ.
खिडकीबाहेर म्वान्झाचे गोल खडक
एकमेकांच्या डोक्यावर तोल सांभाळत,
आणि कँटीनच्या उकिरड्यावर मराबू करकोचे
निवृत्त प्राचार्यांसारखे
हात मागे बांधून.

तास संपल्यावर तिनं कागद पुढे केला.
मला वाटलं, लिहिलं असेल: आवाज खणखणीत,
फळा स्वच्छ, विषयावर पकड.
कागदावर नुसते आकडे.
हे काय?
म्हणाली, तुम्ही प्रश्न विचारल्यापासून
तुम्हीच उत्तर देईपर्यंतचा वेळ.
एकतीस प्रश्न. सरासरी सव्वा सेकंद.

एकवीस वर्षं संख्याशास्त्र शिकवतोय.
सरासरीशी भांडता येत नाही मला.

सव्वा सेकंदात काय होतं?
हातातला खडू पडून त्याचे दोन होतात.
पहिल्या बाकावरचे तेच पाच हात वर येतात.
आणि शिजा,
कुल्वा-डोटो या जुळ्यांच्या पाठचा म्हणून शिजा,
पहाटे चारपासून किरुंबाच्या बाजारात
सुक्या माशांची पोती उतरवून आलेला,
त्याला माझा प्रश्न
इंग्रजीतून स्वाहिलीत, स्वाहिलीतून
आईच्या सुकुमात नेऊन
पुन्हा वर्गापर्यंत आणायचा असतो.
तोवर मी फळा पुसत असतो.

पालथ्या घड्यावर पाणी, म्हणायचो मी स्टाफरूममध्ये,
चहात साखर ढवळत.
घडा पालथा कोणी घातला
हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं
तरी सव्वा सेकंदच थांबलो असतो.

पुढच्या मंगळवारी मी विचारलं:
बाजारातल्या दोनशे माशांची लांबी मोजली.
सरोवरातल्या माशांबद्दल काय कळलं?
आणि गप्प बसलो.
एक. दोन.
तिसऱ्याला जीभ दातांवर धडका देते.
चौथ्याला कान तापतात.
सहाव्याला खात्री पटते
की आपल्याला विषय येत नाही हे आज उघडं पडलं.
पहिल्या बाकावरचे पाचजण
माझ्याकडे काळजीनं बघू लागले.

नवव्या सेकंदाला मागून आवाज आला, जरा घोगरा:
म्वालिमू, जाळ्याची भोकं केवढी होती?

कोणीतरी हसलं. मग थांबलं.
शिजा उभा राहिला, बोटांनी हवेत चौकोन केला:
यातून जे निसटले ते टोपलीत नाहीत.
टोपलीत नाहीत ते तुमच्या वहीत नाहीत.
पण ते आहेत ना, म्वालिमू. पाण्यात आहेत.

माझं उत्तर तयार होतं, दरवर्षीचं,
पिवळ्या पडलेल्या टिपणांतलं, चार ओळींचं.
मी ते घडी करून खिशात ठेवलं.

त्या रात्री निकालाची जुनी रजिस्टरं काढली.
उगाच. नावं वाचत गेलो.
बहुतेकांचा आवाज आठवेना.
एकेक नमुना भरलाय वर्गात, म्हणायचो,
आणि नमुना कसा निवडू नये
यावर दरवर्षी दोन तास शिकवायचो.

सगळं सुधारलं असं नाही. जीभ जुनी आहे.
गुरुवारी अकरा सेकंद थांबलो
तर फक्त करकोच्यानं चोच वाजवली.
शुक्रवारी राहवलं नाही,
उत्तर मीच देऊन टाकलं आणि वर
प्रश्नही मीच बदलला.

आता खिशात भाजके शेंगदाणे ठेवतो.
प्रश्न विचारला की एक दाणा तोंडात,
बारीक होईपर्यंत अक्षर नाही काढायचं.
मुलांना वाटतं, म्हातारा दुपारचं जेवत नाही.
वाटू दे.

आज खिडकीजवळच्या काबुलानं,
दोन सत्रं जिचा शब्द ऐकला नाही,
ओठ उघडले.
पुन्हा मिटले.
वहीत काहीतरी खोडलं.

मी दुसरा दाणा तोंडात टाकला.